खिडकीजवळच्या बेडचा ओव्हर

१

आमच्या कामात दिवस ओव्हरनं सुरू होतो. ओव्हर म्हणजे ड्युटी संपलेल्या सिस्टरनं नव्यानं आलेल्या सिस्टरला पेशंट सोपवणं. दोघींनी मिळून वॉर्डात फिरायचं, प्रत्येक बेडजवळ थांबायचं. जाणारी सांगते की रात्र कशी गेली, पोटात काय गेलं, लघवी झाली का, पेशंट आता कोणत्या कुशीवर आहे, पाठीला कुठं लाली दिसते का. येणारी आपल्या डोळ्यांनी पाहते आणि म्हणते, "घेतला." तो शब्द निघाला की पेशंट तिचा. आणि तो शब्द समोरून येत नाही तोवर घरी आग लागलेली असो, वॉर्ड सोडायचा नाही. नर्स झाल्यापासून या नियमावर माझा जेवढा विश्वास बसला आहे तेवढा दुसऱ्या कशावर नाही.

देवधर्मावर तर नाहीच. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देवऋषी, उतारे, अंगात येणं यांना उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. "जे दिसते ते पाह्य, जे दिसत नाई त्याले भिऊ नको," असं बाबा म्हणायचे. हे मुद्दाम आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून मला कुणी भोळसट ठरवणार नाही. वेडी ठरवलं तर माझी हरकत नाही.

वर्ध्याकडच्या तळेगावच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की जुन्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये हे सेवाकेंद्र आहे. भिंतींना पांढरा रंग मारला, फरशी घातली, संडास-बाथरूम काढले, पण छत तेच राहिलं. वरच्या लोखंडी कैच्यांमध्ये अजून रुई अडकलेली आहे आणि कूलर सुरू केला की तिचे बारीक तंतू खाली उतरतात. इथं ज्या बायका ठेवलेल्या आहेत त्या बऱ्या होऊन जाण्यासाठी आलेल्या नाहीत. कुणाचं अर्धं अंग गेलेलं, कुणाचा खुबा मोडलेला, कुणाला स्वतःचं नाव आठवत नाही. मुलं पुण्याला, नागपूरला. आमचं काम त्यांना स्वच्छ ठेवायचं, भरवायचं आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. एकाच कुशीवर पडून राहिलं की कातडी लाल होते, मग फाटते, मग हाडापर्यंत जखम जाते. ते होऊ दिलं नाही, की नर्स चांगली.

मी उन्हाळ्याच्या तोंडाशी इथं आले. माझी मुलगी मयुरी चार वर्षांची. तिला आईजवळ आंजीला ठेवलं आणि मी वॉर्डामागच्या क्वार्टरमध्ये राहायला लागले. मयुरीचे वडील पुण्याला कंपनीत, त्यांचं येणं दिवाळीपुरतं. विचार असा होता की जूनपर्यंत इथं काढायचं, तोवर वर्ध्याला एखाद्या दवाखान्यात जागा पाहायची, मयुरीला तिथल्या शाळेत घालायचं आणि दोघींनी एका खोलीत राहायचं.

माझ्या आधीची सिस्टर माधवी. तिचा तो शेवटचा दिवस होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. ती भराभर सांगत होती आणि मी घेतला, घेतला म्हणत मागं चालले होते. शेवटचा बेड खिडकीजवळचा. त्यावर हवेची गादी होती, त्या गादीचा पंप बारीक घरघरत होता, चादर ताणून घातलेली, उशी जागेवर.

"ही डाव्या कुशीवर हाये," माधवी म्हणाली. "पाठ आतापर्यंत साफ हाये. वळवाले विसरजो नोको."

बेडवर कुणी नव्हतं. अंघोळीची वेळ होती, मी आले तेव्हा व्हीलचेअरवर एका आजीला बाथरूमकडं नेताना पाहिलं होतं. तीच असणार असं मी धरलं. पेशंट न पाहता ओव्हर घेऊ नये हे पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. पण ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि माधवी माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"घेतला," मी म्हणाले.

तिनं माझे दोन्ही हात धरले. रडत होती. मग बॅग उचलून गेली, मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

२

थोड्या वेळानं व्हीलचेअर परत आली. आजी दाराजवळच्या बेडवर गेल्या. खिडकीजवळचा बेड रिकामाच राहिला.

मी गुलाबबाईला विचारलं. गुलाबबाई म्हणजे आमच्या आया. बोलणं कमी, हात मजबूत, या केंद्रात सगळ्यांत जुन्या.

"गुलाबबाई, खिडकीजवळचा पेशंट कुठे?"

"तुमी ओव्हर घेतला ना सिस्टर?"

"घेतला."

"मग झालं तं," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून चालत्या झाल्या.

भैय्याजींना विचारलं. हे केंद्राचे व्यवस्थापक, गोड बोलणारे, दर वाक्यात "बेटा" घालणारे. "अरे बेटा, तो बेड रिकामाच असते," ते म्हणाले. "गादीचा पंप बंद ठेवला का उंदरं रबर कुरतडतात. म्हणून चालू राहू देतो आपण. माधवीचं मन थाऱ्यावर नवतं हो, घरी पोरगं बिमार."

पटलं. उंदराचं कारण कुणालाही पटेल. मी माधवीला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि कामाला लागले.

३

एप्रिलच्या शेवटी आमच्याकडं दुपार फार मोठी होते. जेवणं झाली की वॉर्ड झोपतो. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती, कूलरची घरघर, पत्रा तापून मधूनच कडकड वाजतो. बाहेर पाखरू नसतं. त्या वेळात मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुशी बदलत जाते. गुलाबबाई एका बाजूला, मी एका बाजूला, पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर धरायची आणि एकदम फिरवायचं.

एका दुपारी मी खिडकीजवळ पोचले आणि गादीकडं लक्ष गेलं. हवेच्या गादीला लांब लांब कप्पे असतात. ते आळीपाळीनं फुगतात, बसतात. या गादीचे मधले कप्पे फुगत नव्हते. खांद्याच्या जागी एक खळगा, कमरेच्या जागी त्याहून खोल, खाली गुडघे दुमडल्यासारखा तिसरा. डाव्या कुशीवर झोपलेल्या बाईच्या अंगाखाली गादी जशी दिसते तशी.

गादी फुटली असेल. मी खळग्यात हात ठेवला. चादर गरम होती, आणि ओलसर. मे महिन्यासारखं ऊन, सगळंच गरम असणार. पण कूलरचा झोत नेमका त्याच बेडवरून जात होता. खळग्याच्या बाजूला, हातभर अंतरावर, चादर थंडगार होती. मी दोनतीनदा हात इकडून तिकडं फिरवला. मग आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन हात मागं घेतला.

शेजारच्या बेडवर वच्छलाबाई असतात. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, पण डोकं शाबूत. त्या डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या.

"सिस्टर, तिले वळवा ना," त्या म्हणाल्या. "माधवी गेली तवापासून एकाच आंगावर हाये बिचारी. कन्हून राह्यली."

"कोण कण्हतं, वच्छलाबाई?"

"आता मले नाव कसं मालूम राहीन? पाठमोरी असते ते."

म्हाताऱ्या माणसांना भास होतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की जास्तच होतात. मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पंप बंद केला. चहा पिऊन परत आले तेव्हा तो सुरू होता. गुलाबबाईंनी केला असेल, म्हणून मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या नाही म्हणतील या भीतीनं विचारलं नाही.

४

सुटीच्या दिवशी मी आंजीला गेले. आर्वीपर्यंत एक बस, तिथून वर्ध्याची दुसरी. सगळा रस्ता मी खिडकीशी बसून मयुरीच्या गोष्टी ठरवत होते. तिला आईसकांडी घेऊन द्यायची, केस कापायचे, फ्रॉक शिवायला टाकायचा.

पोरगी अंगणात धावत होती. तापलेल्या फरशीवर अनवाणी. मी ओरडले, ती हसली, असं आमचं चालतं. दुपारी जेवून ती आईच्या बाजेवर झोपली आणि मी तिच्या अंगावरचा घाम पुसायला फ्रॉक वर केला.

डाव्या खुब्यावर लाल डाग होता. तळहाताएवढा, गोल, कडा स्पष्ट.

"आई, हे काय आहे?"

"काय मालूम," आई म्हणाली. "पाचसात दिवस झाले. घामोळं असन म्हणून पावडर लावली. तुले फोनवर काय सांगू एवढ्याशासाठी?"

मी बोटानं दाबून पाहिलं. आम्हाला हे पहिल्यांदा शिकवतात. लाल जागा दाबली आणि पांढरी होऊन परत लाल झाली तर घाबरायचं कारण नाही. दाबूनही लालच राहिली तर आतलं मांस मरायला लागलं आहे. मी दाबलं. बोट उचललं. लालच होतं.

मी पुन्हा दाबलं, जास्त वेळ. दिवसभर घोड्यासारखं उधळणाऱ्या पोरीला हे होत नाही. होऊच शकत नाही. हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होतं, ज्याला कुणी वळवत नाही त्याला. ऍलर्जी असेल, मुंगळा चावला असेल, बाजेच्या सुंभाची गाठ रुतली असेल. मी बाज तपासली. गाठ नव्हती.

"झोपली का लाकडासारखी पडते आताशा," आई म्हणाली. "वळतच नाई. पयले तं साऱ्या खाटीवर लोळे."

मयुरी झोपेतच होती. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. तिनं अगदी हळू, कंटाळलेल्या म्हाताऱ्या बाईसारखं म्हटलं, "वळव ना."

मी तिला उचलून दुसऱ्या कुशीवर घातलं. जरा वेळानं पाहिलं तर ती पुन्हा डाव्या कुशीवर होती. मी शेजारीच बसले होते आणि ती हललेली मी पाहिली नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं परत आले आणि गणवेश न घालताच वॉर्डात शिरले. खिडकीजवळच्या गादीवर खळगे होते तसेच होते, फक्त जास्त खोल.

"गुलाबबाई, या इकडे," मी म्हणाले. "हिला वळवू."

मला वाटलं त्या हसतील. हसल्या असत्या तर किती बरं झालं असतं. त्या आल्या, पलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि आडव्या चादरीची दोन टोकं मुठीत गुंडाळून घेतली. मीही घेतली.

"एक, दोन, तीन," मी म्हणाले.

वजन लागलं. मनगटापासून खांद्यापर्यंत, ज्याची आम्हाला रोजची सवय आहे असं माणसाचं वजन. चादरीवर काही नव्हतं. पांढरी सुती चादर होती आणि तिच्यात एक मोठी बाई होती. आम्ही ती फिरवली. पंपाचा आवाज क्षणभर जड झाला. मधले कप्पे हळूहळू फुगले आणि उजव्या बाजूला नवे खळगे पडले, खांद्याचा, कमरेचा, गुडघ्याचा.

शेजारून वच्छलाबाईंनी सुस्कारा सोडला. "बरं केलं बाई," त्या म्हणाल्या.

मी पडवीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग दुसरे पेशंट पाहिले, कारण ते कुठं जाणार होते. संध्याकाळी आईला फोन केला. आईनं फ्रॉक वर करून पाहिलं आणि म्हणाली, "फिकं पडलं वं. तुयी पावडर चांगली हाये."

मी पावडर दिलेली नव्हती.

६

त्यानंतरचे दिवस सगळे एकसारखे गेले. दर दोन तासांनी मी त्या बेडपाशी जायची. गुलाबबाई असल्या तर दोघी, नसल्या तर एकटी. पाठ कुठं आहे हे चाचपून पावडर लावायची. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, कारण एक सुरकुतीसुद्धा कातडीला पुरते. नखं कापायच्या दिवशी मी सगळ्यांची नखं कापत शेवटच्या बेडशी जायची आणि कटर खिशात परत ठेवायची. ठेवायची असं मला आठवतं तरी.

संध्याकाळी रात्रपाळीच्या अन्नपूर्णा सिस्टर ओव्हर घ्यायला यायच्या. वच्छलाबाईंपर्यंत घ्यायच्या आणि तिथूनच मागं वळायच्या. मी एकदा वाट अडवून उभी राहिले.

"पुढचा बेड राहिला, सिस्टर."

"तो तुमचा हाये," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मी नाई घेत. मले नातू हाये."

म्हणजे रात्रीही मीच. रात्रीचं सांगत बसत नाही. क्वार्टरची भिंत वॉर्डाला लागून आहे आणि पंप भिंतीतून ऐकू येतो, एवढं पुरे.

आंजीला जाणं बंद झालं. जायला-यायला एवढा वेळ लागतो, तेवढ्यात बेड कोण वळवणार? गुलाबबाई म्हणाल्या, मी चादर धरीन, पण वळवाचं म्हणणारी तुमीच पायजे. मयुरी फोनवर रुसायची, मग रडायची, मग फोनवर यायचीच नाही. आईचं मात्र एकच पालुपद, "डाग गेला, पोरगी खेळून राह्यली, तू काऊन येत नाई?" मी ड्युटी म्हणायची. मला आतून तोडल्यासारखं व्हायचं. जिच्यासाठी मी इथं बांधली गेले होते तिला वाटत होतं की मी तिला टाकलं.

मी माधवीचा नंबर मिळवला. खूप रिंग गेल्यावर तिनं उचलला.

"मी रक्षा बोलते. केंद्रातून."

मागं एक पोरगा मोठमोठ्यानं खेळत होता.

"तुमचा मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"आता चांगला हाये," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "ताई, मी तुमाले फसवलं नाई. मी सांगतलं ना, डाव्या कुशीवर हाये म्हणून? तुमी घेतला म्हटलं."

"मी कुणाला देऊ आता?"

"जे घेईन तिले द्या. पाह्यासाठी थांबू नोका, पटकन द्या. आन वळवताना लय जीव लावू नोका बाप्पा. मी जीव नवता लावला म्हणून सुटली." फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

मी तिच्या शेवटच्या वाक्यावर विचार केला आणि ते मला बावळटपणाचं वाटलं. जीव न लावता कूस कशी बदलतात? पाठ साफ ठेवायची म्हणजे ठेवायची. मला अर्धवट काम येत नाही, शाळेतही येत नव्हतं.

मे संपत आला, नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. एका दुपारी गुलाबबाई जेवायला गेल्या होत्या आणि मी एकटीनं चादर धरली. ती सहज फिरली. मला वाटलं, सरावानं हात बसला. दुसऱ्या दिवशी आणखी सहज. खळग्यांकडं नीट पाहिलं तर खांद्याचा आणि गुडघ्याचा खळगा एकमेकांच्या जवळ आले होते. गुलाबबाईंनीही पाहिलं.

"आता एका हातानं होते," त्या म्हणाल्या. "माधवी सिस्टरच्या टायमालेबी असंच लहान लहान होत गेलतं. ते गेली आन एकदम मोठं झालं."

मी चादर पुन्हा ताणून घातली.

७

वर्ध्याच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. एक तारखेला हजर व्हायचं. भैय्याजींना सांगितलं तर ते आनंदानं म्हणाले, "जा ना बेटा, बिलकुल जा. नवी सिस्टर पाह्यली मी. ओव्हर दे आन जा. ओव्हर देल्याबिगर तं कोणीच जात नाई आपल्या इथून."

नवी सिस्टर सकाळी आली. नाव पौर्णिमा, घर पुलगावकडं. केस ओले, हातात नवी बॅग, चेहऱ्यावर पहिल्या नोकरीचा घाम. माझी बॅग दाराशी ठेवलेली होती. आर्वीची बस निघायला फार वेळ नव्हता. मी मयुरीला कबूल केलं होतं की आज येते, आणि आता रोजच तुझ्याजवळ राहणार.

आम्ही फिरू लागलो. मी सांगत होते, ती घेतला म्हणत होती, जरा जास्तच पटकन.

"घरी कोण असतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बाळ हाये ना ताई. अजून वर्षाचं नाई झालं. आईजवळ ठेवून आली. दूध उतरते तं लय जीव तुटते." ती ओशाळं हसली. "सवय होईन."

मी पुढचा बेड दाखवला. कमलाबाई, खुबा मोडलेला, पाठ साफ. घेतला. वच्छलाबाई, उजवं अंग गेलेलं, पाठ साफ. घेतला. वच्छलाबाई माझ्याकडं बघत होत्या.

खिडकीजवळ आलो. अंघोळीची वेळ होती. व्हीलचेअर नुकतीच बाहेर गेली होती. मी हे असंच जुळवून आणलं होतं, ते लपवत नाही. वाक्यही घोकून ठेवलं होतं. ही उजव्या कुशीवर आहे, पाठ साफ आहे, वळवायला विसरू नका. एवढं म्हणायचं, ती घेतला म्हणेल, बॅग उचलायची.

"ही उजव्या कुशीवर..." मी म्हणाले.

पौर्णिमा माझ्या तोंडाकडं बघत होती. मी गादीकडं पाहिलं. खळगा एकच उरला होता, छोटा, पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखा. आणि चादरीच्या कडेतून एक हात बाहेर आला होता.

कोपरापर्यंतच दिसला, आणि फार वेळ नाही. सावळा, मऊ, मनगटाला वळी असलेला. मुठीत माझ्या गणवेशाची कड धरलेली होती. झोपलेली पोरं जशी धरतात तशी, जोर न लावता. नखं कापलेली होती. कोपरे गोल केलेली, मी कापते तशी. अंगठ्याचं नख एका बाजूला जरा जास्त कापलं गेलं होतं. मयुरी हात ओढते म्हणून तिचं नेहमी तसंच होतं.

मी हातावर हात ठेवला. गरम होता. मग तिथं फक्त चादर होती.

"ही म्हणजे कोण ताई?" पौर्णिमा विचारत होती. "अंघोळीले गेली का?" आणि लगेच भल्या मनानं म्हणाली, "ठीक हाये ना, घे..."

"थांब," मी म्हणाले.

तिच्या तान्ह्या बाळाची मला दया आली असं कुणी समजू नये. तेवढी मी चांगली नाही. त्या क्षणी बाळ माझ्या डोक्यातही नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की या पोरीला अजून चादर ताणता येत नाही. ही सुरकुती ठेवेल. बाळाच्या आठवणीनं रडत बसेल आणि दोन तासांचे तीन होतील. हिच्या हातात मी तो हात देणार होते.

मला कळतं. मला फसवलं जात आहे हे मला चांगलं कळतं. माझी मयुरी आंजीला आहे, आईच्या बाजेवर, आणि जे इथं आहे ते तिचं सोंग घेऊन मला धरून ठेवतं आहे. माधवीलाही तिचा पोरगा दिसला असेल. ती सोडून जाऊ शकली. तिनं जीव लावला नव्हता.

"हा बेड रिकामा आहे," मी पौर्णिमाला सांगितलं. "तुझा ओव्हर वच्छलाबाईंपर्यंत. इकडं यायचं नाही, वळवायचं नाही, कुणी काही म्हटलं तरी घेतला म्हणायचं नाही. समजलं?"

"व्हय ताई," ती घाबरून म्हणाली. "मंग तुमी जाऊन नाई राह्यल्या का?"

गुलाबबाईंनी दाराशी ठेवलेली माझी बॅग उचलली आणि क्वार्टरमध्ये नेऊन ठेवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

८

वर्ध्याची जागा दुसरीला मिळाली. भैय्याजी म्हणाले, बरं झालं बेटा, तुझ्यासारखं काम कोणाले जमत नाई. आता मी फक्त तो एक बेड पाहते. बाकी सगळे पौर्णिमा पाहते आणि मला पगारही तेवढाच मिळतो, त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आईला मी खोटं सांगते. कधी सुटी नाही, कधी बस नाही. मयुरीला घेऊन इकडं येते असं तिनं एकदा सुचवलं तेव्हा मी फोनवर एवढी ओरडले की ती आठ दिवस बोलली नाही. मयुरीनं या वॉर्डाच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि खिडकीकडं पाहिलं तर काय होईल, याचा मी विचार करत नाही. तिला काय दिसेल आणि तिच्याकडं कोण पाहील, यातलं काहीच मला नको आहे.

आज दुपारी फोन वाजला. आई म्हणाली, "घे, पोरगी मागून राह्यली तुले. जेवली, आता बाजेवर पडली हाये."

मी फोन कानाशी धरून खिडकीजवळ उभी होते. वॉर्ड झोपला होता. पत्रा वाजत होता.

"आई," मयुरी म्हणाली. आवाज झोपाळलेला. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तू केव्हा येतेस?"

"येते ना राणी. लवकर येते."

"आजी म्हणते तू येत नाई."

"येते म्हटलं ना."

ती जरा वेळ नुसता श्वास घेत राहिली. श्वास फोनमधून येत होता, की समोरून, ते मला नीट कळेना.

"आई, मले आता त्या कुशीवर झोपाचं हाये."

"मग झोप. वळ की तूच, मोठी झालीस ना आता," मी म्हणाले. आवाज हसरा ठेवायचा मी फार प्रयत्न केला. "एकदा वळून दाखव मला."

"माह्यानं नाई होत," ती म्हणाली.

मी फोन उशीवर ठेवला, स्पीकर सुरू करून. आडव्या चादरीची टोकं मुठीत गुंडाळली.

"थांब," मी म्हणाले. "वळवते."